गाडीची काळी जाळी आणि धातुविज्ञानाचा धडा



आज शाळेतून घरी जाताना रस्त्यावरच्या गाड्यांकडे जरा समोरून बघा. पूर्वी गाडीचं तोंड म्हणजे चकचकीत क्रोम. ॲम्बेसेडरची जाळी तशी, कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचीही तशीच. नवरदेवाची गाडी सजवताना ती जाळी फडक्याने अशी पुसायचे की त्यात आपलं तोंड दिसावं. पद्मिनी गेली, ॲम्बेसेडरही २०१४ मध्ये बनायची थांबली, आणि आता हवा उलटी फिरली आहे. २०१९ मध्ये टाटांनी हॅरिअरची काळीकुट्ट 'डार्क' आवृत्ती आणली. मग इतर कंपन्यांनीही तशा आवृत्त्या काढल्या. ज्यांच्याकडे जुनी चकचकीत जाळी आहे, ते पेंटरकडे जाऊन म्हणतात, "भाऊ, हे काळं करून द्या."

आमच्या चांदूर रेल्वेतही हेच चाललं आहे. (चांदूर बाजार वेगळं बरं का! १८६७ मध्ये नागपूरला पोचलेला लोहमार्ग आमच्या गावातून जातो, म्हणून आमच्या चांदूरच्या मागे 'रेल्वे' लागलं.) मी इथे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गाडीच्या जाळीचा आणि शाळेचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो एका मुलाच्या पुढच्या आयुष्याशी आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमची जाळी

आमची गाडी पांढरी, दहा वर्षांची. समोरच्या जाळीवर खडे लागून लागून टवके उडाले होते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काही केल्या निघत नव्हते. खालच्या कडेला क्रोमचे पापुद्रे सुटले होते. नवीन जाळी महाग. घरी ठरलं, हीच काळी करून घेऊ. अमरावती रोडवर एक पेंटरभाऊ आहेत, त्यांच्याकडे गेले. दिवाळीच्या सुट्या होत्या, म्हणून मी म्हटलं, "भाऊ, मी इथे बसून बघितलं तर चालेल का?" ते हसले. "बसा जी मॅडम. पण कपडे जुने घालून या."

दिवाळीचे दिवस त्यांनीच सुचवले. मे महिन्यात आपल्या वऱ्हाडात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा रंगाचे थेंब जाळीपर्यंत पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी असते आणि ऊनही बेताचं. पेंटरभाऊंनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. वीस वर्षांच्या कामातून त्यांना ते कळलं आहे.

क्रोम म्हणजे नेमकं काय?

आधी थोडं विज्ञान. क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. ग्रीक भाषेत 'क्रोमा' म्हणजे रंग. या धातूची संयुगं नाना रंगांची असतात, म्हणून हे नाव. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्ही रंग क्रोमियममुळेच येतात. आपल्या विदर्भातही भंडारा जिल्ह्यात क्रोमाइट हे त्याचं खनिज सापडतं, पण देशातला बहुतेक साठा ओडिशात आहे.

आजच्या गाडीची जाळी बहुधा प्लॅस्टिकची असते. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून आधी रासायनिक पद्धतीने त्यावर धातूचा एक पातळ थर चढवतात. मग विजेच्या साहाय्याने तांबं, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम. यालाच आपण दहावीला 'विद्युत विलेपन' म्हणून शिकवतो. गंमत अशी की वरचा क्रोमियमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर विचार करा! चमक बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोमियम तिला काळवंडू देत नाही.

म्हणजे ज्या धातूचं नावच 'रंग', तो स्वतःवर मात्र रंग धरू देत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत, छिद्र नाही, खाच नाही. रंगाने पकडायचं कशाला? तसाच फवारा मारला तर दोन महिन्यांत दुधाच्या सायीसारखा निघून येतो.

घासाई

म्हणून या कामात रंग मारायला लागतो अर्धा तास आणि तयारीला जातो दीड दिवस. पेंटरभाऊंनी बॉनेट उघडून, स्क्रू आणि क्लिपा काढून जाळी बाहेर घेतली. साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली. मग चिंधीला थिनर लावून तेल आणि पॉलिश उतरवलं. पॉलिशचा अंश राहिला तर रंग तिथून फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात.

यानंतर घासाई. आणि इथे माझ्यासमोर येऊन बसला त्यांचा मुलगा. माझ्याच दहावीच्या वर्गातला, मागच्या बाकावरचा. घटक चाचणीत 'क्षरण रोखण्याचे उपाय स्पष्ट करा' या प्रश्नाला त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक प्रश्नाचीच होती. इथे मात्र त्याने पाण्याची बादली ओढली, हातमोजे घातले (सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी कापते) आणि आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६०० नंबरचा, असा पाण्यात बुडवून हात चालवायला लागला.

मी विचारलं, "किती घासायचं रे?"

"चमक मरेपर्यंत, मॅडम. चमक मेली का मंग रंग धरते."

"आणि पाण्यात काहून?"

"कोरडं घासलं तं धूळ नाकात जाते. अन् कागदही लवकर भरते."

मी म्हटलं, "आजीकडे पितळेची भांडी आहेत ना? कल्हई करताना पाहिली आहेस?" तो थांबला. म्हणाला, "हो. तो कल्हईवालाही पहिले भांडं घासूनच घेते. मंग तापवते, नवसागर टाकते, धूर निघते, अन् मंग कथिल फिरवते." थोडा विचार करून स्वतःच म्हणाला, "मंग हे तेच झालं नं मॅडम. खालचं साफ नाही तं वरचं टिकत नाही."

शिक्षक मित्रांनो, दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यात कथिलीकरण आणि विद्युत विलेपन एकाच पानाच्या आसपास आहेत. दोन्हींमधला समान धागा त्या मुलाने पाण्यात हात घालून सांगितला. मी फक्त नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि तो भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, एवढी भर घातली.

रंग

पुढचं थोडक्यात सांगते, कारण अनेक पालक आता हे घरी करायला बघतात. घासलेली जाळी पुसून कोरडी केली. जिथे रंग नको तिथे मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र. मग प्लॅस्टिकवर चालणारा प्रायमर, पातळ दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. त्यावर काळा रंग, पुन्हा पातळ तीन हात. एकदाच जाड मारला तर ओघळ येतात. फवारा जाळीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, म्हणजे कडेला रंग साचत नाही. आम्ही फार मॅट नाही, फार चकाकणाराही नाही, असा मधला काळा घेतला. हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला काही दिवस जातात. आठवडाभर गाडी धुवायची नाही.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. जाळीचं खरं काम रेडिएटरला हवा देणं आहे, म्हणून शोभेसाठी तिची भोकं बंद करू नका. आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. आणि काही नव्या गाड्यांत कंपनीच्या चिन्हामागे रडार बसवलेलं असतं. त्यावर रंग किंवा पट्टी चढवली तर ते आंधळं होऊ शकतं. आधी गाडीचं पुस्तक वाचा.

तिसरी सूचना जास्त गंभीर आहे. मोबाईलवर काही व्हिडिओत जुनं क्रोम आम्लाने किंवा बॅटरीची वीज लावून उतरवताना दाखवतात. हे घरी अजिबात करू नका. विजेने क्रोम उतरवताना षट्संयुजी क्रोमियम तयार होतं. ते कर्करोगकारक आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. आपल्या प्रयोगशाळेतले पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे याच जातीचे. मुलांच्या हाती ते कसे देता, तेही या निमित्ताने एकदा तपासा.

आईचं म्हणणं

दिवाळीनंतर पालक सभा झाली. त्या मुलाची आई आली, सगळे जाईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्याले सांगा. तुमचं ऐकते तो. शाळा सुटली का तिकडंच पळते. त्याच्या बापाचा खोकला रात्रभर थांबत नाही. एकाचं झालं ते झालं, पोराचं तसं नाही होऊ द्यायचं मले."

दुसऱ्या दिवशी वडील भेटले. त्यांचं म्हणणं वेगळं. "मॅडम, पोराचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा साफ घासते. शिकून नोकरी लागन का नाही, कोणाले माहीत. हे तं हातात राहीन."

मला सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आपण शिक्षक अशा वेळी सवयीने आईची बाजू घेतो. 'आधी अभ्यास, मग बाकीचं.' पण आई अभ्यासाबद्दल बोलतच नव्हती. ती श्वासाबद्दल बोलत होती. आणि वडील पैशांबद्दल कमी, मुलाच्या हाताबद्दल जास्त बोलत होते. दोघंही खरं बोलत होते. मुलाला 'जाऊ नको' म्हटलं तर त्याला येणारी एकमेव गोष्ट मी काढून घेणार. 'जा' म्हटलं तर आईची रात्र तशीच.

मी मुलाला एवढंच सांगितलं, "उद्या दुकानातून रंगाचे रिकामे डबे घेऊन ये. हार्डनरचाही."

डब्यावर काय लिहिलं आहे?

आमच्या जाळीला साधा रंग वापरला होता. पण गाडीच्या बॉडीला जो टिकाऊ चकाकता थर देतात, त्यात हार्डनर मिसळावा लागतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती फवाऱ्यातून फुप्फुसात गेली तर दमा होऊ शकतो. आणि एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी बसली, की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास उसळतो. कापडी रुमाल धूळ थोडी अडवतो, ही वाफ अडवत नाही. करोनातला साधा मास्कही नाही. मोठ्या कारखान्यांत यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे मुखवटे आणि हवा ओढून घेणाऱ्या बंद खोल्या असतात. गावातल्या टिनाच्या शेडमध्ये काय असतं, तुम्हाला माहीत आहे. तोंडाला बांधलेला दुपट्टा.

हे सगळं डब्यावर लिहिलेलं असतं, पण बारीक इंग्रजी अक्षरात. मी इंग्रजीच्या सरांना वर्गात बोलावलं. डबे बाकांवर ठेवले. मुलांनी एकेक शब्द लावत ती सूचना वाचली. 'श्वसन', 'दमा', 'हवेशीर जागा' हे अर्थ फळ्यावर आले. तो मुलगा मागच्या बाकावरून पुढे येऊन बसला होता. त्याने सगळी सूचना मराठीत वहीत उतरवली. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचं पान पूर्ण भरलेलं मी पाहिलं.

ते पान त्याने घरी वडिलांना वाचून दाखवलं. लगेच सगळं बदललं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. वडील म्हणाले, "मास्क लावला का गुदमरते. उन्हाळ्यात तं जीवच जाते." त्यांचंही खरं आहे. पण ते डॉक्टरकडे गेले, औषध सुरू झालं. वाफ शोषणाऱ्या डब्या असलेला मास्क आला, चार-पाच जाळ्यांच्या मजुरीत बसला. हार्डनरचं काम आता ते शेडच्या बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करतात. पूर्ण सुरक्षित नाही, पण दुपट्ट्यापेक्षा बरं. आणि मुलाबद्दल तिघांचं ठरलं: धुणं, घासणं, मास्किंग एवढंच त्याचं काम. दहावी होईपर्यंत स्प्रेगनला हात नाही आणि रंग सुरू असताना शेडमध्ये पाय नाही.

वर्गात करून बघण्यासारखं

त्याच सुमारास पेंटरभाऊंनी भंगारातली एक तुटलेली जाळी शाळेला दिली. आम्ही तिच्यावर केलेला प्रयोग तुम्हीही करू शकता. जाळीचे तीन भाग करा. पहिला तसाच चकचकीत ठेवा. दुसरा फक्त घासा, पण त्याला मुद्दाम तेलाचं बोट लावा. तिसरा घासा, पुसा आणि त्यावर प्रायमर लावा. तिन्हींवर मोकळ्या मैदानात शिक्षकांनीच तोच रंग मारायचा, मुलं लांब उभी. आठवडाभर वाळू द्या. मग ब्लेडने (हेही शिक्षकांनीच) चौकटी-चौकटीच्या रेघा ओढा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. किती चौकटी पट्टीबरोबर निघाल्या, ते मुलांना मोजू द्या. रंगाच्या कारखान्यांतही पकड तपासायची हीच रीत आहे.

आमच्याकडे पहिल्या भागाचा रंग जवळजवळ सगळा पट्टीवर आला. दुसऱ्याचा ठिकठिकाणी. तिसऱ्याच्या एक-दोन चौकटींचे कोपरे तेवढे उडाले. निरीक्षणं कोणी सांगितली, हे वेगळं लिहायला नको.

वर्धा लांब नाही

आपल्याला वाटतं हातकाम आणि अभ्यास एकत्र आणणं ही नवीन टूम आहे. पण चांदूरहून गाडीत बसलं की तासाभरात वर्धा येतं. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने 'नई तालीम'चा आराखडा मांडला. हस्तव्यवसायातून विषय शिकवायचे, हा त्याचा गाभा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांजवळ शिकण्याची सूचना आहे. कारागीर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुंभार आणि सुतार येतात. गाडीचा पेंटर, वेल्डर, टायर काढणाराही त्या यादीत घ्या. फक्त त्यांच्याकडे मुलं नेताना 'हे कसं करता' या प्रश्नासोबत 'यात अंगाला काय बाधतं' हाही प्रश्न विचारायला शिकवा.

पालकांसाठी एक माहिती. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' आणि 'इलेक्ट्रोप्लेटर' असे स्वतंत्र ट्रेड आहेत. ते प्रत्येक गावच्या आयटीआयमध्ये नसतात, म्हणून प्रवेश फॉर्म भरण्याआधी चौकशी करा. बापाच्या शेडमध्ये जे हाताला आलं, त्याचं कारण आणि त्यातली काळजी तिथे शिकता येते, आणि वर प्रमाणपत्रही मिळतं. त्या मुलाच्या आईला मी हेच सांगितलं. तिने एकच विचारलं, "तिथं मास्क देतात का मॅडम?" मी म्हटलं, "प्रवेश घ्यायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा."

मुलगा अजून इंग्रजीत कच्चा आहे, गणितात काठावर आहे. दहावी पास होईल असं मला वाटतं, पण निकाल अजून लागायचा आहे. मागच्या आठवड्यात तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, साधा रंग नुसता वाळते, अन् हार्डनरवाला थिनरनंही निघत नाही. काहून?"

याचं उत्तर द्यायचं तर रेणू एकमेकांना कसे जोडले जातात, तिथून सुरुवात करावी लागेल. शनिवारचा तास त्यासाठी राखून ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणी हे मुलांना सोप्या प्रयोगातून शिकवलं असेल, तर मला जरूर कळवा.